इवाईचा आठवारी आहेर

आनंदराव मेश्रामांचं म्हणणं सरळ होतं. व्याह्याला, म्हणजे तुमसरच्या भाषेत इवाईले, आहेर द्यायचा तर तो त्याला मांडवात तिथल्या तिथे अंगावर चढवता आला पाहिजे. तशी रीतच आहे. बौद्ध समाजानं मुहूर्त सोडला, सत्यनारायण सोडला, नारळ फोडणं सोडलं. पण आहेर कर्मकांडात मोडतो की व्यवहारात, यावर अजून एकमत व्हायचं आहे आणि ते होईस्तोवर पोराचा बाप पंगतीला बसायच्या आधी नवे कपडे घालून येतो. नाही घातले तर इवाई रुसले असं धरतात. घातले आणि तोकडे झाले तर पोरीकडचे चिक्कट असं धरतात. काहीच धरलं नाही असं लग्न आनंदरावांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

आता साध्या इवाईला पँट-शर्टाचा पीस दिला की काम भागतं. पण आनंदरावांचे इवाई होते स्कॉटलंडचे. नाव डंकन. आनंदरावांची मनाली तिकडे दवाखान्यात नर्स होती, तिनं तिकडचाच कॅलम पसंत केला होता आणि कॅलमचे वडील लग्नाला किल्ट घालून येणार होते. किल्ट म्हणजे पुरुषानं कमरेला गुंडाळायचा चौकडीचा कपडा, मागून चुण्या, लांबी गुडघ्यापर्यंत. अशा माणसाला पँटचा पीस देणं म्हणजे भर मांडवात "हे काढा आणि जरा माणसात या" असं सांगणं. सिंचन खात्यात हेडक्लार्क म्हणून आयुष्य गेलेल्या माणसाला हे शोभणारं नव्हतं.

"लुंगी द्या," शेजारच्या धनीराम पटल्यांनी ओट्यावर बसून सल्ला दिला. धनीरामांची बपेऱ्याकडे धानाची शेती होती, आणि धान एकदा बांधीत लावला की त्यांच्याकडे सल्ल्याचा हंगाम सुरू व्हायचा. "चौकडीची लुंगी भेटते बाजारात. अर्ध्यातून दुमडली का झाला तुमचा किल्ट."

"अहो, ते शंभर लोकांत घालतात तो कपडा."

"मंग आमी लुंगी का एकट्यात घालतो?"

धनीराम संध्याकाळी लुंगीवरच चौकापर्यंत जात, हे सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं.

पुतण्या अश्वजितनं मार्ग काढला. अश्वजितचं मोबाइलचं दुकान होतं आणि जगातला कोणताही प्रश्न मोबाइलवरून घरपोच सुटतो अशी त्याची श्रद्धा होती. "काकाजी, हे पाहा. किल्ट. कमरेले चिकटपट्टी, बाजूले सहा खिसे, वरतून साखळी. जवान पोट्टे हेच घालून राहिले आजकाल."

"साखळी कायले?"

"फॅशन होय जी."

पार्सल आलं. मिलिटरी रंगाचा जाडाभरडा कपडा, त्यावर खिसेच खिसे. एवढ्या खिशांत पंचायत समितीचं अख्खं दप्तर मावलं असतं. इवाईंची कंबर आपल्याएवढीच आहे असं मनालीनं सांगितलेलं, म्हणून मापासाठी आनंदरावांनी तो स्वतःच घालून पाहिला. खाली पट्ट्यापट्ट्यांची अंडरपँट होती, ही त्यातल्या त्यात नशिबाची गोष्ट. चिकटपट्टी नीट चिकटत नव्हती, म्हणून एका हातानं ती दाबून धरत ते आरशासमोर वळून पाहत होते. तेवढ्यात धनीरामांच्या बेबीबाई विरजण मागायला थेट बैठकीत आल्या.

आनंदराव रिवाजाला पक्के. बाई माणूस दारात आलं की नमस्कार करायचा. आणि नमस्काराला दोन हात लागतात.

किल्ट खाली गेला तो साखळीचा खळखळाट करत. बेबीबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत म्हणाल्या, "सत्यभामाबाई घरी नाईत वाटते," आणि विरजण न घेता परत गेल्या. संध्याकाळपर्यंत कॉलनीत बातमी पोचली की आनंदरावबाबू घरात साखळी बांधून फिरतात.

अश्वजितनं त्याआधीच एक फोटो काढून मनालीला पाठवला होता. तिचा फोन आला. "बाबा, हे काय आणलं तुम्ही? कॅलमच्या बाबांसमोर हे नाव पण नका काढू. त्यांच्या सख्ख्या चुलतभावानं असला बाजारातला किल्ट लग्नात घातला, तर ते जेवणावरून उठून गेले होते."

"काहून, कपडाच तर हाय."

"त्यांच्यासाठी नाही ना. खरा किल्ट म्हणजे आठ वार लोकर, एकेक चुणी हातानं शिवलेली. आणि त्याची चौकडी ज्याच्या-त्याच्या कुळाची राहते. ते म्हणतात, फॅशनचा किल्ट घालणं म्हणजे दुसऱ्याचं आडनाव लावून फिरणं."

आडनावाची गोष्ट आनंदरावांना आतपर्यंत लागली. ते तडक चौकातल्या चहाच्या टपरीवर गेले, आणि तिथे धनीरामांसकट सात माणसं बसली असताना जाहीर केलं, "आपण इवाईले नकली नाही, असली किल्ट देणार. आठवारी."

"नववारीपेक्षा एकच वार कमी," धनीराम म्हणाले. "वहिनीचं एखादं जुनं लुगडं असंन तं पाहा."

हे त्यांनी उगाच काढलं. घरी बायकोनं, सत्यभामाबाईंनीही, शब्दाला शब्द तेच सुचवलं आणि आनंदराव त्या दिवशी जेवले नाहीत.

आधी ते मिलिटरी प्रकरण परत करायचं होतं. कंपनीच्या पानावर परत करण्याची तीनच कारणं होती: माप चुकलं, रंग वेगळा, माल फाटका. 'लाज वाटली' हे कारण नव्हतं. चौथं 'इतर' होतं, त्यात आनंदरावांनी आयुष्यभराच्या सवयीनं लिहिलं, "सदर वस्त्र परिधान केले असता प्रार्थीच्या प्रतिष्ठेस बाधा पोहोचली असल्याने". दुसऱ्या दिवशी एका गोड आवाजाच्या मुलीचा फोन आला. तिनं विचारलं, "सर, बाधा कुठे पोहोचली? बाही की गळा?" आनंदरावांनी फोन ठेवला. तो किल्ट अजून त्यांच्या माळ्यावर आहे.

मग ते आंधळगावला गेले. तिथलं कोसा रेशीम जगात नाव काढून आहे. लोकर नाही तर कोसा, इवाईही काय लक्षात ठेवतील, असा बेत होता. विणकरानं मोबाइलवरचा चौकडीचा फोटो पाहिला, मोठा केला, बायकोला दाखवला आणि विचारलं, "लग्न कवा आहे जी?"

"पंधरवड्यावर आलं."

"मंग त्यायले पोट्टं होईन तवा या. तवापर्यंत होते." आणि तो मागावर परत बसला.

अशा रीतीनं हिंडत हिंडत, तोंड उतरलेले आनंदराव शेवटी तुमसरच्या बाजारात हिरालाल टेलरच्या दुकानात पोचले. हिरालालनं फोटोकडे नुसती एक नजर टाकली.

"प्लेटा? बाबूजी, प्लेटा तं माह्या हातचं काम होय. या बाजारात माह्यावानी प्लेट कोणी पाडून दाखवावी."

"आणि कपडा? असा चौकडीचा?"

हिरालालनं टेबलावर चढून माळ्यावरून एक ठाण खाली टाकलं. हिरवा रंग, त्यात गडद निळ्या चौकडी, मधून लाल रेघ. आनंदरावांना भरून आलं. हुबेहूब. तुमसरमधला एक शिंपी माळ्यावर स्कॉटलंडच्या चौकडीचं ठाण कशाला ठेवतो, हा प्रश्न त्यांना पडला नाही. सरकारी नोकरीत माणसाला एक गोष्ट पक्की शिकायला मिळते: काम होत असेल तर कसं होतं ते विचारू नये.

"हातशिलाई पायजे बरं का," ते म्हणाले. "प्रत्येक चुणी हातानं."

"हातानंच करतो जी. मशीन तशीही बिघडली आहे."

लग्न रविवारी हॉलमध्ये झालं. डंकनसाहेब आले ते काळा कोट, गुडघ्यापर्यंत मोजे आणि मधे आजोबांच्या काळचा भारी लोकरीचा किल्ट घालून. मंडळी पांढऱ्या कपड्यांत बसली होती, त्यातून हा लालबुंद, दांडगा माणूस चालत गेला तेव्हा सगळ्या माना वळल्या. मग हळूहळू मतं यायला लागली.

"घागराच होय हा," बेबीबाई म्हणाल्या.

"घागरा असता तं डोक्यावर पदर पायजे होता," धनीराम म्हणाले. "पण हवा मस्त लागत असंन बाप्पा."

त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले, टाळ्या पडल्या. मग आहेर. आनंदरावांनी दोन्ही हातांवर तबक धरून किल्ट पुढे केला. डंकनसाहेबांनी तो हातात घेतला आणि अख्खा हॉल बघत असताना त्याच्या चुण्या एकेक करून उलटून पाहिल्या. हातशिलाई दिसली तशी त्यांची भुवई वर गेली. ते आतल्या खोलीत जाऊन तो घालूनच बाहेर आले. माप बरोबर होतं. चुण्या तलवारीसारख्या. आनंदरावांची मान त्या घटकेला जेवढी ताठ झाली तेवढी ती प्रमोशनच्या दिवशीही झाली नव्हती.

डंकनसाहेब काहीतरी म्हणाले. मनालीनं सांगितलं, "बाबा, ते विचारून राहिले, ही चौकडी कोणत्या घराण्याची आहे?"

दोनशे माणसं ऐकत होती. चहाच्या टपरीवरची सातही ऐकत होती. "बाजारातली" म्हणावं, तर इवाई जेवणावरून उठून जाणारे. आनंदरावांच्या तोंडून निघून गेलं, "आमची. मेश्राम घराण्याची."

मनालीनं बापाकडे पाहिलं. मग इंग्रजीत सांगितलं. डंकनसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी आनंदरावांना अशी मिठी मारली की खिशातला चष्मा मोडला. आपल्या कुळाची चौकडी दुसऱ्याला घालायला देणं यापेक्षा मोठा मान नाही, असं काहीतरी ते म्हणत होते. टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या थांबून पंगत बसल्यावर बेबीबाईंनी वांग्याच्या भाजीवरून मान वर केली. त्यांनी किल्टकडे पाहिलं, डोळे बारीक केले, आणि शेजारी बसलेल्या सत्यभामाबाईंना म्हणाल्या, "बाई, हे तं माह्या नातीच्या शाळंचं स्कर्ट होय. रोज सकाळी इस्त्री करा लागते मले."

हे त्या कानातच म्हणाल्या. पण बेबीबाईंचं कानातलं बोलणंही बपेऱ्याच्या शेतातून मजुरांना हाक मारून तयार झालेलं होतं. पंगतीच्या या टोकावरून त्या टोकापर्यंत वरण पोचायच्या आधी ही बातमी पोचली. हिरालाल गावातल्या मुलींच्या शाळेचे सगळे गणवेश शिवतो, हे प्रत्येक आईला माहीत होतं. फक्त हेडक्लार्कला माहीत नव्हतं. मनाली दुसऱ्या शाळेत शिकली होती.

अश्वजितचे दोस्त एकेक करून इवाईसोबत फोटो काढायला लागले. डंकनसाहेब हसून उभे राहत होते. हे लोक आपल्यावर किती जीव लावतात, असं त्यांना वाटत होतं. आनंदराव बुंदी वाढायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले ते तिथेच पातेल्यामागे बसले.

"जी, बाहेर या," सत्यभामाबाई म्हणाल्या. "लोकं विचारून राहिले."

"काय विचारून राहिले?"

"मेश्राम घराण्याले दुपारची सुट्टी कवा होते म्हणून."

दोन दिवसांनी शाळेतून निरोप आला. मुख्याध्यापिका रुखमिणी मॅडमच्या कानावर गोष्ट गेली होती, पण अर्धीच. आपल्या शाळेच्या गणवेशाविषयी आत्मीयता बाळगणारे विदेशी पाहुणे गावात आहेत, तरी त्यांनी मुलींना मार्गदर्शन करावं, असा तो निरोप होता. तो नेमका कॅलमच्या हाती पडला. कॅलमला एवढंच समजलं की शाळेत बोलावलं आहे. डंकनसाहेबांनी लगेच होकार दिला. नवा किल्ट घालूनच येणार म्हणाले.

आनंदरावांनी खूप खटपट केली. चिखल्याची मँगनीजची खाण दाखवतो म्हणाले. बपेऱ्याला नेतो, तिथून पलीकडे मध्य प्रदेश दिसतो म्हणाले. मध्य प्रदेश दिसून काय करायचं, असं डंकनसाहेबांनी विचारलं. पोट दुखतं असंही सांगून पाहिलं, तर इवाईंनी बॅगेतून गोळी काढून दिली.

निघायच्या आधी मनालीनं त्यांना मागच्या अंगणात गाठलं.

"बाबा, गंमत करून नाही राहिली मी. तुमचं घराणं म्हणून मी त्या घरात चालली. तिथं दर सणाले हा किल्ट निघन. दर वेळी ते चार लोकांना सांगतीन, माझ्या सुनेच्या कुळाचा आहे. अन् मी बाजूले उभी. मी काय करू तवा?"

"हसायचं."

"कितीक वर्षं?"

आनंदरावांनी अंगणातल्या नळाची तोटी उगाच घट्ट केली. ती आधीच बंद होती.

शाळेचं फाटक उघडलं आणि डंकनसाहेब जागच्या जागी थांबले. मैदानावर मुली रांगा करून बसल्या होत्या. पाचवीपासून दहावीपर्यंत. हिरवा रंग, गडद निळ्या चौकडी, मधून लाल रेघ. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मेश्राम घराणंच मेश्राम घराणं.

डंकनसाहेबांनी टोपी काढली. ते हलक्या आवाजात मनालीला काहीतरी म्हणाले. तिनं खाली पाहत सांगितलं, "ते म्हणतात, तुमचं कुळ एवढं मोठं असंन असं वाटलं नव्हतं. अन् सगळ्या पोरीच कशा, विचारून राहिले."

मग ते रांगेतून चालायला लागले आणि एकेका मुलीशी सोयरा म्हणून हात मिळवायला लागले. मुली तोंडावर हात ठेवून हसत होत्या, शिक्षिका डोळे वटारत होत्या. मागून आनंदराव चालत होते, वरातीच्या मागे बिल घेऊन येणाऱ्या बँडवाल्यासारखे. बेबीबाईंची नात मधल्या रांगेत होती. तिनं त्यांना नमस्कार केला. त्यांनी तो न पाहिल्यासारखं केलं.

व्यासपीठावर डंकनसाहेबांना माइक दिला. ते बोलले आणि भाषांतरासाठी मनालीकडे वळले. मनाली माइकजवळ गेली. तिनं तोंड उघडलं, बंद केलं, बापाकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर आनंदराव बसून राहिले असते. ऑफिसात तीस वर्षं रागासमोर ते बसूनच राहिले होते. ती फक्त वाट पाहत होती.

आनंदराव उठले. माइक हातात घेतल्यावर तो कुंईं करून किंचाळला, तेव्हा त्यांना वाटलं की आता आपण काही न बोललो तरी चालेल. पण माइक शांत झाला.

"मी आनंदराव मेश्राम," ते म्हणाले. "सिंचन खातं. इवाईंना जो किल्ट दिला तो आमच्या घराण्याचा नाही. आमच्या घराण्याची कोणतीच चौकडी नाही. तो या शाळेचा स्कर्ट आहे. मले माहीत नव्हतं. पण घराण्याचा म्हटलं ते मात्र माहीत असून म्हटलं. लोकं ऐकत होते म्हणून. पोरीचा त्यात काही दोष नाही."

मैदानावर दहावीच्या रांगेतून हसू फुटलं आणि ते पाचवीपर्यंत वाहत गेलं. मनालीनं एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं. काही गाळलं नाही. आनंदरावांचं लक्ष स्वतःच्या बुटांकडे होतं.

डंकनसाहेबांनी मान खाली घालून अंगावरच्या किल्टकडे पाहिलं. मग मैदानाकडे. शेवटी बोलले ते फार थोडं.

"ते म्हणतात," मनाली म्हणाली, "मग हा बाबांनी द्यायचाच नव्हता. ज्यांचा आहे त्यांना विचारायला पाहिजे होतं."

आणि डंकनसाहेब रुखमिणी मॅडमसमोर जाऊन, टोपी छातीशी धरून, वाकून उभे राहिले. शाळेच्या कुळाची चौकडी घालायची परवानगी मागत होते.

रुखमिणी मॅडमनी त्यांना वरून खाली पाहिलं. या नजरेनं पंचवीस वर्षं स्कर्ट मोजले होते. नजर गुडघ्यावर येऊन थांबली.

"परवानगी द्यायला हरकत नाही," त्या म्हणाल्या. "पण लांबी कमी आहे. गुडघ्याखाली चार बोटं, हा नियम आहे. यावरून मी मुलींना घरी पाठवते. पाहुण्याला एक आणि मुलींना एक, असं करता येणार नाही."

मनालीनं घाबरत घाबरत हे सांगितलं. डंकनसाहेबांचा चेहरा मात्र उजळला. भंडारा जिल्ह्यात आल्यापासून, चुण्या असलेल्या कपड्याकडे गांभीर्यानं पाहणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं. त्यांनी मॅडमचा हात हातात घेतला आणि बरोबर आहे, बरोबर आहे, असं दोनदा म्हणाले.

"आणि तुम्ही," मॅडम आनंदरावांकडे वळल्या, "रीतसर अर्ज करा. गणवेश वापराबाबत."

आनंदरावांनी मॅडमच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, उभ्यानं, अर्ज लिहिला. मॅडमनी तो परत केला. डाव्या बाजूला समास सोडला नव्हता.

तिथून सगळे हिरालालकडे गेले. डंकनसाहेब पडद्यामागे टॉवेल गुंडाळून उभे, पडदा धरून आनंदराव, आणि बाहेर बाजारातले जमलेले पंधरा-वीस जण.

"खालून सोडा चार बोटं," आनंदराव तोंड न वळवता म्हणाले.

हिरालालनं किल्ट उलटा करून पाहिला. "सोडाले कपडाच नाही जी यात. पोरींच्या स्कर्टले दाब ठेवतो मी, वाढतात म्हणून. इवाई वाढतीन असं वाटलं नाही मले."

शेवटी खालून हिरव्या कपड्याची साधी पट्टी जोडली. रंग थोडा वेगळाच आला.

पावसाळ्यात मनालीनं तिकडून फोटो पाठवला. डंकनसाहेबांच्या कुळाचा मेळावा होता. डोंगराच्या पायथ्याशी लोकरीच्या किल्टांतली शंभरेक माणसं, सगळ्यांचे गुडघे उघडे, आणि मधोमध डंकनसाहेब, गुडघ्याखाली चार बोटं, पट्टी लावलेले, एका म्हाताऱ्याला बोट रोखून काहीतरी सांगताना. खाली मनालीनं लिहिलं होतं, 'बाबा, हे सगळ्यांना सांगून राहिले की खरी लांबी हीच. बाकीच्यांचे किल्ट फॅशनचे आहेत म्हणतात. दोघे जण जेवणावरून उठून गेले.'

आनंदरावांनी हे टपरीवर बसून वाचलं. धनीरामांनी त्यांच्या खांद्यावरून फोटो पाहिला, चहाचा घोट घेतला.

"मंग आता याच्यात असली कोणाचा धरायचा, आनंदराव?"

आनंदरावांनी मोबाइल बाकड्यावर पालथा ठेवला, आणि चहावाल्याला म्हणाले, "यांच्या चहात साखर घाल रे जरा. कडू बोलतात फार."